न कापता परतलेली नजर

“मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशन केलं नाही, आणि आता बघा, आपोआप दिसायला लागलं.” असे सांगणारा रुग्ण नेत्रतज्ज्ञांसमोर अधूनमधून येतोच. कधी चाळिशी बाजूला ठेवून पुन्हा पोथी वाचू लागलेली आजी असते, तर कधी एका डोळ्याने अधू झालेला आणि एका सकाळी त्याच डोळ्यात उजेड भरलेला शेतकरी. घरचे लोक श्रेय वाटून मोकळे होतात. कुणी ते थेंबांना देते, कुणी नवसाला, कुणी डोळ्यात घातलेल्या मधाला. डॉक्टर बहुधा मान हलवतात. रुग्ण मात्र खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच पूर्वीपेक्षा बरे दिसत असते.

अडचण अशी, की ‘नजर परतली’ या एका अनुभवामागे अगदी निरनिराळ्या घटना असू शकतात. भिंग पुन्हा पारदर्शक झालेले असू शकते. भिंग तसेच गढूळ राहून केवळ त्याची प्रकाश वळवण्याची ताकद बदललेली असू शकते. किंवा भिंग आपली जागा सोडून वा शोषले जाऊन प्रकाशाच्या वाटेतून बाजूला झालेले असू शकते. या विषयावरचा बराचसा गोंधळ या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे आहे. त्या वेगळ्या केल्या, की कोणत्या दाव्याला कितपत आधार आहे हे बरेच स्पष्ट होते.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार भारतात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू आहे. ‘आपोआप बरा होतो’ या समजुतीने कुणी दोन-चार वर्षे थांबले, तर त्याची किंमत मोजावी लागते.

जुना इतिहास

बाहुलीमागचा पांढरा भाग बाजूला झाला की दिसते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून अनुभवाने ठाऊक होते. का दिसते, हे मात्र ठाऊक नव्हते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूवर, शलाकेने करायच्या उपचाराचे सविस्तर वर्णन आहे. सुश्रुतांची क्रिया नेमकी कोणती होती याबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी पुढे भारतापासून युरोपपर्यंत शतकानुशतके चालत आलेली पद्धत साधीच होती. सुईसारखे हत्यार डोळ्यात घालायचे, बाहुलीमागचा पांढरा भाग खाली दाबायचा आणि त्याला डोळ्याच्या तळाशी लोटून द्यायचे. रुग्णाला त्याच क्षणी अंधूक का होईना, दिसू लागे.

युरोपातल्या वैद्यांची त्या काळी अशी समजूत होती, की भिंग हेच दृष्टीचे स्थान आहे आणि मोतीबिंदू म्हणजे त्याच्यापुढे साचलेला दूषित द्रव. केप्लरने १६०४ साली प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटते हे दाखवले. पुढे १७०५ साली पिएर ब्रिसो या फ्रेंच वैद्याने मृत सैनिकाच्या डोळ्याचे विच्छेदन केले आणि मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले भिंगच असल्याचे त्याच्या ध्यानात आले. झाक दाव्हिएलने १७४७ साली भिंग खाली न लोटता बाहेर काढले आणि आधुनिक शस्त्रक्रियेची वाट खुली केली.

आजच्या विषयाशी अधिक जवळचे निरीक्षण लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाचे आहे. सुईने भिंगाचे आवरण फाटले, तर मऊ मोतीबिंदू डोळ्यातल्या पाण्यात हळूहळू विरघळून जातो, असे त्याने १७७५ साली मांडले. म्हणजे भिंग बाहेर काढले नाही तरी शरीरच ते शोषून घेऊ शकते. पुढे जॉन कनिंगहॅम साँडर्स या डॉक्टरांनी हेच तत्त्व लहान मुलांच्या मोतीबिंदूवर वापरले. आज मूरफील्ड्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयाची स्थापना १८०५ साली त्यांनीच केली. आवरणाला छेद द्यायचा आणि आतला मऊ भाग शोषला जाण्याची वाट पाहायची, ही पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होती. मोतीबिंदू ‘विरघळतो’ ही कल्पना त्यामुळे निव्वळ भाबडी नाही. ती कोणत्या मोतीबिंदूला आणि कोणत्या परिस्थितीत लागू पडते, इतकाच प्रश्न आहे.

भिंग मुळात गढूळ का होते

डोळ्यातले भिंग सुमारे नऊ ते दहा मिलिमीटर व्यासाचे असते. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. ते पातळ, लवचिक पिशवीत बसलेले असते आणि ती पिशवी अतिशय बारीक तंतूंनी चारही बाजूंनी ताणून धरलेली असते. आतल्या पेशी पारदर्शक राहण्यासाठी आपले केंद्रक आणि इतर सामग्री टाकून देतात, त्यामुळे नवी प्रथिने बनवण्याची सोय त्यांच्यात उरत नाही. भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने जन्माच्या आसपास तयार होतात आणि आयुष्यभर तीच पुरवावी लागतात. ती इतकी टिकाऊ आहेत, की डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ साली त्यांच्यातल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण मोजून मृत व्यक्तींचे जन्मवर्ष काढून दाखवले.

ही प्रथिने सुटी आणि नीट रचलेली असतात, तोवर प्रकाश आरपार जातो. वय, अतिनील किरण, धूम्रपान, मधुमेह, स्टिरॉइड औषधे यांच्या परिणामाने ती उलगडतात आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. त्या गुठळ्यांवरून प्रकाश विखुरतो. अल्फा-क्रिस्टॅलिन हे प्रथिन बिघडलेल्या प्रथिनांना सावरून धरते, असे जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ साली दाखवले. पण त्याचाही साठा मर्यादित असतो, आणि वयानुसार तो संपत जातो.

चाळिशी सुटते तेव्हा

सर्वांत जास्त आढळणारी ‘सुधारणा’ ही आहे. साठी-सत्तरीत भिंगाचा गाभा घट्ट आणि पिवळसर होऊ लागला, की त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते आणि डोळा लघुदृष्टीकडे झुकतो. दूरचे अंधूक दिसू लागते, पण हातातले वर्तमानपत्र चष्म्याविना वाचता येते. ज्यांना मुळात दूरचा अधिक नंबरचा चष्मा होता, त्यांना तर काही काळ दूरचेही चष्म्याविना बरे दिसते. वैद्यकात याला ‘दुसरी दृष्टी’ म्हणतात.

आजीने सुईत दोरा ओवला, की घरात कौतुक होते. तिला चार हातांवर उभे करून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले, तर खरी स्थिती कळते. ही सुधारणा मोतीबिंदू वाढत असल्याची खूण आहे. गाभा आणखी तपकिरी झाला, की जवळचेही दिसेनासे होते. या मुद्द्यावर नेत्रवैद्यकात वाद नाही.

याच गटात आणखी दोन प्रकार येतात. भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, अगदी मधोमध, होणाऱ्या मोतीबिंदूत रुग्णाला उन्हात कमी आणि संध्याकाळी जास्त दिसते, कारण मंद प्रकाशात बाहुली मोठी होते आणि प्रकाशाला डागाच्या कडेने वाट मिळते. दुसरा प्रकार मधुमेहाचा. रक्तातली साखर वर-खाली झाली की भिंगातले पाणी आणि त्याबरोबर चष्म्याचा नंबर बदलतो. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवडे नजर सरकत राहते. त्यामुळे अशा रुग्णाला लगेच नवा चष्मा करू नका, असा सल्ला दिला जातो. दोन्ही प्रकारांत गढूळपणा जागच्या जागी असतो.

भिंग जागा सोडते तेव्हा

सर्वांत नाट्यमय घटना ही. मोतीबिंदू फार वर्षे तसाच राहिला, की भिंगाचा बाहेरचा थर पातळ होऊन दुधासारखा द्रव बनतो. कडक, तपकिरी गाभा त्या द्रवात तळाशी बसतो. पादुआचे जोव्हानी बात्तिस्ता मोर्गाग्नी यांनी अठराव्या शतकात या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. स्लिट लॅम्पच्या प्रकाशझोतात असा डोळा एकदा पाहिला की विसरत नाही. बाहुलीत वर पांढरा द्रव, खाली तपकिरी गाभ्याची अर्धवर्तुळाकार कड, आणि रुग्णाने मान कलती केली की गाभा नव्या तळाकडे घरंगळतो.

या टप्प्यावर भिंगाला धरून ठेवणारे तंतू जीर्ण झालेले असतात. किरकोळ धक्का, जोराची शिंक, डोळा चोळणे एवढेही पुरते, आणि कधी काहीच कारण सापडत नाही. तंतू तुटतात आणि भिंग पिशवीसकट मागच्या काचाभ द्रवात पडते. शलाकेने जे वैद्य मुद्दाम करत, ते आपोआप घडते. कालपर्यंत फक्त उजेड-अंधार कळणाऱ्या डोळ्याला आज माणसे ओळखू येतात. भिंग नसल्यामुळे दिसते ते अस्पष्टच. जुन्या शिबिरांतल्या रुग्णांना मिळायचा तसा सुमारे अधिक दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा डोळ्यापुढे धरला, की अक्षरेही वाचता येतात. डोळा मुळात खूप उणे नंबरचा असेल, तर चष्म्याविनाही बऱ्यापैकी दिसू शकते.

डॉक्टरला याचा सुगावा तपासणीच्या पहिल्या मिनिटात लागतो. रुग्णाने नजर झटकन फिरवली, की मागचा आधार गेलेले बुबुळ थरथरते. बाहुली मोठी केली, की मागे काही नसते. नंतर सोनोग्राफीत पडद्यालगत पडलेले भिंग दिसते.

हे असे घडते याबद्दल दुमत नाही. मतभेद आहेत ते पुढे काय करावे याविषयी. काही डोळ्यांत पडलेले भिंग वर्षानुवर्षे निमूट राहते. इतर काही डोळ्यांत त्यातून प्रथिने झिरपून दाह होतो, दाब वाढून काचबिंदू होतो किंवा पडदा सुटतो. भिंग मागे न पडता बाहुलीतून पुढे आले, तर काही तासांत डोळा लाल होऊन असह्य दुखतो, आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. शांत डोळ्यातले भिंग केवळ नजरेखाली ठेवावे असे काही शल्यविशारद मानतात. व्हिट्रेक्टॉमीची, म्हणजे काचाभ द्रव काढण्याच्या शस्त्रक्रियेची, साधने सुधारल्यामुळे ते वेळीच काढून कृत्रिम भिंग बसवावे, असा दुसऱ्यांचा कल आहे. रुग्णाचे वय, दुसऱ्या डोळ्याची स्थिती आणि तो नियमित तपासणीला येऊ शकेल का, यावर बहुधा निर्णय होतो.

मुद्दाम भिंग पाडण्याचे परिणाम मात्र मोजलेले आहेत. नायजेरियात २००५ ते २००७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोतीबिंदूवर उपचार झालेल्या डोळ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक डोळ्यांत पारंपरिक पद्धतीने भिंग खाली लोटलेले होते, आणि त्यांतल्या बहुसंख्य डोळ्यांची दृष्टी अत्यंत वाईट होती. ‘नजर परतली’ हा पहिल्या दिवसाचा अनुभव आणि वर्ष-दोन वर्षांनंतरची स्थिती यांत किती अंतर पडू शकते, ते यावरून कळते.

भिंग शोषले जाते तेव्हा

पॉटने सांगितलेली क्रिया शस्त्राविनाही घडू शकते. डोळ्याला मार बसून भिंगाचे आवरण फाटले, तर लहान मुलांत आणि तरुणांत मऊ भिंग पाण्यात मिसळून शोषले जाते. मागे मोकळी बाहुली उरते किंवा आवरणाचा पातळ पांढरा पापुद्रा.

जन्मजात मोतीबिंदूंपैकी काहींमध्ये मार न लागताही असे होते. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू होतो, हे सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवले. अशा बाळांच्या भिंगाचा काही भाग शोषला जाऊन ते चपटे, पापुद्र्यासारखे होऊ शकते. हॅलरमन-स्ट्राइफ या दुर्मीळ जन्मजात विकारात मोतीबिंदू आपोआप शोषला गेल्याच्या नोंदी आहेत.

म्हातारपणच्या मोतीबिंदूत हे फारच क्वचित घडते. अतिपक्व भिंगातला द्रव न फाटलेल्या आवरणातूनही थोडा थोडा झिरपतो. तो निमूट निचरून गेला, तर आवरण आकसते, इवलासा गाभा तळाशी बसतो आणि वरच्या भागातून प्रकाश पुन्हा आत जाऊ लागतो. अशा रुग्णांची वर्णने नेत्रवैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेली आहेत, पण ती एकेका रुग्णाची आहेत.

त्याच झिरपण्याची दुसरी बाजू अधिक परिचित आहे. भिंगातली जड प्रथिने आणि ती गिळून फुगलेल्या पेशी डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची जाळी तुंबवतात, दाब एकदम चढतो आणि रुग्ण तीव्र वेदना, उलट्या आणि लाल डोळा घेऊन येतो. अतिपक्व मोतीबिंदूतून होणाऱ्या या काचबिंदूचे चित्र १९५५ साली फ्लॉक्स, लिट्विन आणि झिमरमन यांनी स्पष्ट केले. एकाच प्रकारचे झिरपणे एका डोळ्यात निमूट का पार पडते आणि दुसऱ्या डोळ्याची नस का जाळते, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

खरोखर निवळणारे मोतीबिंदू

आतापर्यंतच्या सर्व प्रकारांत भिंग स्वच्छ झालेले नाही. पण गढूळ भिंग पुन्हा निवळल्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यांचे तर्कशास्त्र सारखे आहे. कारण ताजे असले आणि ते लवकर दूर झाले, तर भिंग सावरते.

गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात दुधातल्या साखरेपासून सुटणारे गॅलॅक्टोज शरीराला पचवता येत नाही. भिंगात त्याचे गॅलॅक्टिटॉल होते, ते पाणी ओढून घेते आणि बाळाच्या भिंगाच्या मध्यभागी तेलाच्या थेंबासारखी छटा दिसू लागते. आहारातून गॅलॅक्टोज वेळीच बंद केले, तर हा मोतीबिंदू मागे हटू शकतो. बालमधुमेहात साखर फार चढल्यावर झपाट्याने येणारे डाग साखर आटोक्यात आल्यावर क्वचित कमी झाल्याच्या नोंदी आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या भिंगात दिसणारे बारीक बुडबुडे बहुधा काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेला वायू भिंगाला टेकला, की पिसासारखे डाग उमटतात. वायू शोषला गेला की तेही अनेकदा जातात.

या सर्वांत बिघाड मुख्यतः पाण्याच्या समतोलाचा असतो. प्रथिनांचे कायमचे बंध बनण्याआधी तो दुरुस्त झाला, तर भिंग सावरते. सत्तरीतल्या माणसाच्या गाभ्यातला तपकिरी मोतीबिंदू हा अनेक दशकांच्या रासायनिक बदलांचा परिणाम असतो, आणि खरा वाद त्याच्याबद्दलच आहे.

थेंबांनी वितळेल का?

बहुसंख्य नेत्रतज्ज्ञांचे मत असे, की वयोमानाचा मोतीबिंदू उलटत नाही. अंड्यातला पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा कच्चा होत नाही, हा त्यांचा आवडता दाखला. जुन्या प्रथिनांवर साखर चढलेली असते, त्यांच्यात पक्के रासायनिक बंध तयार झालेले असतात आणि दुरुस्ती करणारी यंत्रणा पेशींत उरलेली नसते.

काही जैवरसायनतज्ज्ञांना हा दाखला पुरेसा वाटत नाही. गुठळीतली सगळीच प्रथिने पक्क्या बंधांनी जोडलेली नसतात, काही फक्त चिकटलेली असतात, आणि चिकटलेली सुटी करता यावीत, असे ते म्हणतात. निसर्गातही याला आधार आहे. अनेक तरुण सस्तन प्राण्यांचे भिंग थंड केले की पांढरे होते आणि ऊब मिळताच निवळते. तेरा पट्ट्यांच्या अमेरिकी जमिनीवरच्या खारीचे भिंग ४ अंश सेल्सियसला गढूळ होते आणि शरीर तापले की स्वच्छ होते. उंदीरवर्गीय रॅटच्या भिंगाला हे जमत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खारीच्या या क्षमतेमागे बिघडलेली प्रथिने मोडीत काढणाऱ्या यंत्रणेतल्या आरएनएफ११४ या प्रथिनाचा हात असल्याचे दिसले.

औषधाच्या बाजूने सर्वांत गाजलेला शोध २०१५ सालचा. कांग झांग आणि सहकाऱ्यांना जन्मजात मोतीबिंदू असलेल्या कुटुंबांत लॅनोस्टेरॉल हा कोलेस्टेरॉलच्या जातीचा रेणू (स्टेरॉल) बनवणाऱ्या जनुकात दोष आढळला. त्यांनी लॅनोस्टेरॉल सशांच्या काढलेल्या भिंगांवर आणि मोतीबिंदू झालेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांवर वापरले, आणि गढूळपणा कमी झाल्याचे ‘नेचर’मध्ये मांडले. कुत्र्यांना केवळ थेंब दिलेले नव्हते, डोळ्यात इंजेक्शनेही दिली होती, हा तपशील जाहिरातींत गळून पडतो. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये जेसन गेस्टविकी यांच्या गटाने दुसऱ्या एका स्टेरॉलने उंदरांच्या भिंगांत सुधारणा झाल्याचे सांगितले. त्याच रेणूवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात ६१ टक्के भिंगांची प्रकाश वळवण्याची रचना सुधारली आणि ४६ टक्क्यांत गढूळपणा कमी झाला. म्हणजे त्याच चाचणीत निम्म्याहून अधिक भिंगांचा गढूळपणा कायम राहिला.

उलट निष्कर्षही लवकरच आले. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले माणसांच्या मोतीबिंदूंचे गाभे सहा दिवस लॅनोस्टेरॉलमध्ये ठेवले. ते निवळले नाहीत. २०१९ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या अभ्यासातही ही स्टेरॉल्स भिंगाची पारदर्शकता परत आणण्यात अपयशी ठरली. समर्थकांच्या मते मात्रा, औषध आत पोहोचवण्याची रीत आणि मोतीबिंदूचा टप्पा यांवर सारे अवलंबून आहे आणि सुरुवातीच्या अवस्थेत परिणाम दिसू शकेल. टीकाकार म्हणतात, की माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांविना ही आशा आशाच राहते.

बाजारातल्या थेंबांची गोष्ट वेगळी. एन-अॅसिटिल कार्नोसिनबद्दल कॉक्रेन संस्थेने २०१७ साली घेतलेल्या आढाव्यात निकषांत बसणारी एकही चाचणी हाती लागली नाही, आणि मोतीबिंदू मागे हटतो किंवा थांबतो असा खात्रीलायक पुरावा नसल्याचे नोंदवले गेले. पिरेनॉक्झिन जपानमध्ये अनेक दशके वापरात आहे, आणि सिनेरारिया मॅरिटिमाचे होमिओपॅथिक थेंब आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतात. पिकलेला मोतीबिंदू त्यांनी निवळतो असे दाखवणाऱ्या भक्कम चाचण्या त्यांच्याही मागे नाहीत. जीवनसत्त्वांचा मुद्दा तपासून झाला आहे. दक्षिण भारतात पाच वर्षे चाललेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन आणि क, ई जीवनसत्त्वांनी मोतीबिंदूची वाढ रोखली नाही. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

नवे भिंग उगवणे

औषधांपलीकडची आणखी एक दिशा पुनर्निर्मितीची. न्यूट या उभयचर प्राण्याचे भिंग काढले, तर बुबुळाच्या कडेपासून नवे तयार होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक आहे. चीनमधल्या हाओतिआन लिन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘नेचर’मध्ये दोन वर्षांखालच्या १२ बाळांवरचे काम प्रसिद्ध केले. त्यांनी आवरणाला कडेला एक ते दीड मिलिमीटरचे छिद्र पाडून गढूळ भाग काढला, भिंगाच्या मूळ पेशी जपल्या आणि काही महिन्यांत तिथे पारदर्शक, दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग तयार झाल्याचे सांगितले.

या निष्कर्षावर इतर बालनेत्रतज्ज्ञांनी लेखी शंका घेतल्या. लहान मुलांच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर भिंगपेशी वाढतातच. त्या वाढीला कामाचे भिंग म्हणायचे की पुन्हा आलेला गढूळपणा, हा त्यांचा प्रश्न होता. तुलनेसाठी घेतलेल्या गटावरची शस्त्रक्रिया प्रचलित मापदंडाची होती का, हेही त्यांनी विचारले. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी हे तंत्र चालेल असा दावा कुणी केलेला नाही.

थांबण्याचा प्रश्न

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला एके काळी योग्य होता. संपूर्ण भिंग आवरणासह काढायची जुनी पद्धत पिकलेल्या भिंगावर सोयीची पडे. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली कृत्रिम भिंग बसवले आणि चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून शोषून घेण्याची पद्धत आणली. त्यानंतर चित्र उलटे झाले. आता कडक किंवा दुधाळ मोतीबिंदूच अधिक अवघड असतो. पांढऱ्या भिंगात आवरण दिसावे म्हणून ते निळ्या रंगाने रंगवावे लागते, तंतू कमकुवत असतात आणि पिशवी फाटण्याचा धोका वाढतो.

बाळांच्या बाबतीत थांबणे सर्वांत महाग पडते. दाट जन्मजात मोतीबिंदू एका डोळ्यात असेल, तर साधारण सहा आठवड्यांच्या आत उपचार व्हावा असे मानतात. त्या काळात मेंदूला स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही, तर पुढे भिंग स्वच्छ झाले तरी डोळा आळशी राहतो. मोतीबिंदू शोषला जाण्याची वाट पाहून पुढे नजर मिळेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

तरीही औषधाचा शोध फोल आहे असे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक मानत नाहीत. मोतीबिंदू दहा वर्षे लांबवता आला, तर शस्त्रक्रियांची गरज जवळपास निम्म्यावर येईल, असा अंदाज अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचे तत्कालीन संचालक कार्ल कुफर यांनी १९८०च्या दशकात मांडला होता. तो आजही उद्धृत होतो. मोतीबिंदू उलटवण्यापेक्षा लांबवण्याचे ध्येय संशोधकांना अधिक आवाक्यातले वाटते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न प्रमाणाचा. भिंग आपोआप निसटणे किंवा शोषले जाणे किती वेळा घडते याची मोजदाद नाही. ज्याला दिसू लागले तो दवाखान्यात येतोच असे नाही, आणि ज्याचा डोळा काचबिंदूने गेला तो आला तरी ‘आपोआप बरे झालेल्यां’त गणला जात नाही. एकेका रुग्णाच्या नोंदींवरून धोक्याचे गणित मांडता येत नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. फक्त अक्षरतक्त्यावरची सुधारणा पुरेशी नाही, कारण नंबर बदलूनही ती होते. चष्मा नीट तपासलेला, बाहुली मोठी केलेली, ठरावीक श्रेणीपद्धतीने आधी आणि नंतर भिंगाची छायाचित्रे घेतलेली आणि छायाचित्र पाहणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसलेले, एवढे झाले तरच भिंग निवळले असे म्हणता येईल. थेंबांबद्दलच्या अनेक दाव्यांत यातले बरेच काही गाळलेले असते.

तिसरा प्रश्न औषधाच्या प्रवासाचा. भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत आणि म्हातारपणी त्याच्या थरांमधून गाभ्यापर्यंत लहान रेणूसुद्धा सहज पोहोचत नाहीत. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात गुठळी सुटली, तरी डोळ्यात टाकलेला थेंब तिथपर्यंत पुरेशा मात्रेने जाईल का, हे माणसाच्या डोळ्यात अजून सिद्ध व्हायचे आहे.

चौथा प्रश्न निवडीचा. औषध निघालेच, तर ते कोणत्या मोतीबिंदूवर चालेल? गाभ्याच्या, बाहेरच्या थराच्या आणि मागच्या पृष्ठभागाच्या मोतीबिंदूंचे रसायन सारखे नाही. स्टेरॉलांवरचे परस्परविरोधी निष्कर्ष काही अंशी याच फरकातून आले असावेत, असे दोन्ही बाजूंचे काही अभ्यासक मानतात. यापुढच्या चाचण्यांत प्रकार आणि टप्पा वेगळे ठेवावे लागतील. त्यांचे निकाल हाती येईपर्यंत नेत्रतज्ज्ञ अचानक सुधारलेल्या नजरेच्या रुग्णाची बाहुली मोठी करून भिंग जागेवर आहे का ते पाहतात, डोळ्याचा दाब मोजतात आणि दुसऱ्या डोळ्याची तपासणी त्याच दिवशी उरकून घेतात.